नाका, नको, नक्को

हैदराबादेत काचीगुड्याला माझी धाकटी बहीण राहते. लग्न होऊन गेली त्याला आता वीस वर्षं झाली. तिच्या सासरची माणसं मूळची नांदेडकडची. निजामाच्या राज्यात तीन पिढ्यांमागे नोकरीसाठी आली आणि तिथलीच झाली. घरात मराठी बोलतात, पण बोलता बोलता कधी दखनीत शिरतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. मागे एकदा आईला घेऊन मी त्यांच्याकडे बारा दिवस राहिलो होतो. रजा शिल्लक होती, आणि कारण सहलीचं नव्हतं.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई वाटीतून खुबानी का मीठा घेऊन आल्या. ज्यांनी हा पदार्थ खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सुके जर्दाळू भिजवून, शिजवून साखरेत आटवतात आणि वर घट्ट साय घालतात. बाईंनी चमचा भरून आईपुढे धरला. आई म्हणाली, "नाका गो बाय." तिला कोकणी आणि मराठी सोडून तिसरी भाषा येत नाही. बहीण भाषांतर करायला तोंड उघडणार तेवढ्यात बाईच हसल्या. "नक्को? अच्छा, नक्को बोले तो नक्को. फ्रिज में रख देतूँ अम्मा, जी बोले तो खाओ." चमचा वाटीत परत ठेवला, आणि त्या बहिणीशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलू लागल्या.

मी बघतच राहिलो. वर्षभरात आईचं 'नाका' कुणीतरी पहिल्याच खेपेला मानलं होतं. आणि ते मानणारी बाई आमची कुणीच नव्हती!

हा 'नक्को' शब्द मुळात आपला. चौदाव्या शतकात दिल्लीहून दौलताबादेला माणसं आली, इथल्या मुलखात मिसळली, आणि त्यांच्या बोलीतून पुढे जी दखनी झाली तिने मराठीतले कितीतरी शब्द उचलले. त्यात हा 'नको' सगळ्यांत ठसठशीत. पुढे हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत, आणि नंतर राज्यपुनर्रचनेपर्यंत म्हणजे १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच राज्यात नांदले, तेव्हा तो शब्द तिथे रुळायला अडचण नव्हतीच. आपण गोव्यात 'नाका' म्हणतो, घाटावर 'नको' म्हणतात, चारमिनारला 'नक्को'. शब्द एकच. फरक इतकाच की हैदराबादच्या त्या बाईंनी शब्दाबरोबर त्याचा अर्थही घेतला होता. आपल्याकडे मात्र पंगतीत बसलेल्याचं पहिलं 'नको' म्हणजे 'वाढा' असंच समजायची रीत आहे.

आता बारा दिवसांच्या रजेचं कारण सांगतो.

आईचं वय चौऱ्याहत्तर. वर्षभरापासून तिचं जेवण सुटत चाललं होतं. म्हणजे भूक लागत नव्हती असं नाही. बाराला पाच मिनिटं असली की ती स्वतःच विचारायची, जेवायला कधी वाढणार म्हणून. पानावर बसायची, शीत-कडी कालवायची, चार घास, फार तर पाच, आणि हात थांबायचा. "पुरो. पोट भरलें." वर छातीखाली हात ठेवून बसायची, जणू लग्नघरचं जेवून उठली आहे. मग तासभर अस्वस्थ. बावन्न किलो वजन होतं ते पंचेचाळीसवर आलं.

घरात प्रत्येकाचा आपापला निष्कर्ष होता. माझी बायको म्हणायची, दात. मावशी म्हणाली, बाबा गेल्यापासून मन रमत नाही तिचं. शेजारचे एक गृहस्थ (सेवानिवृत्त, त्यामुळे सर्वज्ञ) म्हणाले, या वयात माणसं लक्ष वेधून घ्यायला अशी करतात. आणि मी? मी सरकारी कारकून. बावीस वर्षं आवक-जावक नोंदवण्यात गेली. मी एक वही घातली. तारीख, वेळ, घास किती, भाकरीचा तुकडा केवढा. तिच्या समोर बसून मोजायचो आणि कमी पडले की बोलायचो. "काल सहा होते, आज चारच?" "हिने सकाळी सातपासून राबून केलंय, त्याचं तरी काही वाटू दे." एकदा तर मी तिच्या पानात भाताचं ढेकूळ वाढून म्हटलं, हे संपल्याशिवाय उठायचं नाही. वय वर्षं शेचाळीसच्या मुलाने आईला! तिने खाल्लं. रात्री उलटी झाली. ते मी वहीत लिहिलं नाही.

बहिणीने फोनवर हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, दादा, तू तिला इकडे आण. पोटाच्या डॉक्टरांसाठी हैदराबादचं नाव आता सगळ्या देशात आहे, हे आपल्याकडेही ठाऊक आहे. गेलो. वय आणि उतरलेलं वजन बघून डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने जठराची तपासणी केली, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. हे त्यांनी प्रथम करायलाच हवं होतं, कारण म्हातारपणी वजन उतरतं तेव्हा मागे कर्करोगासारखं काही नाही ना, हे बघावंच लागतं. सगळं स्वच्छ निघालं. मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर राग आला. म्हणजे ही नाटकंच करत होती की काय!

डॉक्टर तेलुगू, हिंदीत बोलायचे. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला विचारलं आणि बहिणीने ते तिला सांगितलं, पहिल्या घासाला भूक असते का? असते. मग पाचव्या घासाला काय होतं? आई म्हणाली, कुणीतरी आतून दार लावून घेतल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी मान डोलावली. टेबलावर आपली मूठ ठेवली, घट्ट मिटलेली. "पेट खाली है," म्हणाले, "मगर खुलता नहीं."

मग त्यांनी जे समजावलं ते, आणि नंतर मी स्वतः जे वाचून काढलं ते, असं एकत्रच सांगतो. मी कला शाखेचा माणूस, तेव्हा सोप्या भाषेतच येईल.

आपण सगळे समजतो की जठर म्हणजे पिशवी. अन्न ओतलं की भरते, काठापर्यंत आली की पोट भरलं. तसं ते नाही. रिकामं जठर मुठीएवढं असतं, आणि त्याच्या भिंतीतले स्नायू थोडे आवळून धरलेले असतात. आपण घास गिळतो, तो अजून अन्ननलिकेतच असतो, तेवढ्यात वरून निरोप जातो आणि जठराचा वरचा, घुमटासारखा भाग सैल पडतो. पाहुणा पायरीवर असतानाच दार उघडावं तसं. वॉल्टर कॅनन नावाचे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि लीब यांनी १९११ साली हे सैलावणं नोंदवलं. पुढे जसजसं अन्न येत जातं तसतसा तो घुमट आणखी आणखी सैल होतो. त्यामुळे आत लिटरभर, कधी त्याहून जास्त अन्नपाणी मावतं आणि तरीही आतला दाब फारसा वाढत नाही. निरोप नेणारी नस व्हेगस, मेंदूपासून निघून पोटापर्यंत उतरणारी. स्नायूला सैल हो म्हणून सांगणाऱ्या द्रव्यांत मुख्य आहे नायट्रिक ऑक्साइड.

आता 'पोट भरलं' ही जाणीव कुठून येते? एका ठिकाणाहून नाही. अन्न लहान आतड्यात उतरलं, विशेषतः स्निग्ध अन्न, की तिथून संप्रेरकं सुटतात, तीही मेंदूला थांब म्हणून सांगतात. पण जेवता जेवताच जे भरल्यासारखं वाटतं त्यात मोठा वाटा जठराच्या भिंतीतल्या ताणाचा आहे. भिंतीत मज्जातंतूंची टोकं आहेत, ती ताण ओळखतात. घुमट नीट सैल पडला तर बरंच अन्न त्यात निवांत बसून राहतं आणि खालचा भाग थोडं थोडं घेऊन दळत बसतो. घुमट सैलच पडला नाही तर? तेवढंच अन्न, पण भिंत ताणलेली. किंवा अन्न वर न थांबता वेळेआधी खालच्या भागात ढकललं जातं आणि तो भाग ताणला जातो. दोन्हीकडून मेंदूला एकच बातमी पोचते, भरलं. पाच घासांत भरलं. आणि ही बातमी खोटी नसते, हे ध्यानात घ्यावं. ताण खराच असतो.

हे मोजायला १९८० च्या दशकात एक पद्धत निघाली. पातळ प्लास्टिकची पिशवी नळीने जठरात उतरवायची, तिच्यातला दाब कायम ठेवायचा, आणि जठर सैल पडेल तशी आत किती जास्त हवा मावते ते बघायचं. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या यान टाक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली, ज्यांच्या पोटात दुर्बिणीला काहीच दोष सापडत नाही पण जेवण होत नाही. त्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांचं जठर जेवणानंतर हवं तेवढं सैल पडत नव्हतं. आणि चार घासांत पोट भरणं, वजन उतरणं या तक्रारी त्यांच्यातच जास्त होत्या. या दुखण्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. आईची पिशवीची तपासणी झाली नाही. ती संशोधनापुरतीच करतात, रोजच्या दवाखान्यात नाही, असं डॉक्टर म्हणाले. लक्षणांवरून त्यांनी अंदाज बांधला, आणि अंदाज आहे असं स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं.

त्याच संध्याकाळी बहिणीच्या घरी मला चैन पडेना. मी सरळच विचारलं होतं डॉक्टरांना, हे असं कशाने होतं? कधी पोटाचा जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर होतं, कधी मधुमेहात ती नस बिघडते, बऱ्याचदा कारण सापडत नाही. आणि मग त्यांनी विचारलं, जेवताना घरात वातावरण कसं असतं? मी काही बोललो नाही. आईही बोलली नाही. तिने साडीचा पदर नीट केला.

नंतर वाचताना कळलं की लुव्हेनच्याच मंडळींनी २००५ साली निरोगी माणसांवर एक प्रयोग केला होता. त्यांच्या मनात मुद्दाम चिंता जागवली आणि जठर मोजलं. चिंतेत असताना जेवणानंतरचं सैलावणं कमी झालं. कॅनन यांनी तर १८९८ सालीच क्ष-किरणांखाली मांजराचं जठर पाहताना लिहून ठेवलंय, की मांजर बिथरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते. आणि आपल्याकडे काय? चरकसंहितेत, विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, स्वच्छ सांगितलंय की मापात घेतलेलं, हितकर अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे पचत नाही. मी संस्कृतचा अभ्यासक नव्हे, भाषांतरावरूनच वाचलं. पण वाचून खाली ठेवलं तेव्हा ती वही डोळ्यांपुढे आली.

म्हणजे मी काय करत होतो? जे दार आधीच नीट उघडत नव्हतं, त्याच्यासमोर उभा राहून मी दरडावत होतो.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. जेवण योग्य मापाचं झालं हे ओळखायचं कसं, तर पोटाला दाब वाटू नये, छातीला अडथळा होऊ नये, कुशी ताणल्या जाऊ नयेत, पोट जड होऊ नये, आणि उठताबसता, चालताना, श्वास घेताना, हसताबोलताना माणूस सुखात असावा. किती घास, किती पोळ्या, असं एक अक्षर नाही! माप खाणाऱ्याच्या पोटाकडे दिलंय, वाढणाऱ्याच्या पळीकडे नाही. पोटात थोडी जागा मोकळी ठेवावी, हेही आहेच. चरक जठराचे तीन भाग कल्पितो, वाग्भट चार, आणि चौथा वायूसाठी रिकामा ठेवायला सांगतो. आपले म्हातारे 'दोन घास कमी जेव' म्हणायचे, ते यातूनच आलं असणार. पण तेच म्हातारे पंगतीत यजमान झाले की जिलबीचं ताट घेऊन मागे लागायचे, ही गंमत वेगळी.

यावर माझं मत आहे, ते मांडण्यासाठीच हा लेख. आग्रह ही आपली संस्कृती, असं आपण कौतुकाने सांगतो. देवळातल्या समाराधनेत वाढपी पुढे सरकत नाही, 'आणखी एक, माझ्यासाठी' चालू असतं. लग्नात तर नवऱ्यामुलाच्या मित्रांना जिलब्यांवरून पैजा लावतात. मला हे आता बघवत नाही. दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय हे त्याच्या मेंदूला आतून कळतं, आपल्याला बाहेरून कळत नाही. मग त्याच्या 'नको'वर आपण अविश्वास दाखवायचा, तो कुठल्या अधिकाराने?

आमचे एक सहकारी यावर म्हणाले, अरे पण लाजून 'नको' म्हणणारे असतात त्यांचं काय? मुद्दा खोटा नाही. ज्या घरात अन्न बेताचं, तिथे पाहुणा मुद्दामच पुरे म्हणतो. सगळ्यांत शेवटी जेवणारी सून 'मला भूक नाही' म्हणते तेव्हा पातेल्यात काय उरलंय ते बघावं. माझी आजी अशीच अर्धपोटी राहिली आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेव्हा दुसऱ्यांदा विचारणं मी समजू शकतो. तिसऱ्यांदा नाही. आणि दुसऱ्यांदा विचारताना भाताची पळी पानावर धरलेली नसावी. त्या शेजारीणबाईंचं वाक्य बघा, 'जी बोले तो खाओ'. वाटी फ्रिजमध्ये आहे, दार उघडं आहे, तुमचं तुम्ही. दोन दिवसांनी सकाळी साडेदहाला आई फ्रिजपाशी उभी राहून त्यातले दोन चमचे खाताना बहिणीने पाहिलं. आम्ही दोघंही स्वयंपाकघरात गेलो नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जो जास्त जेवतो त्याला आपण खादाड म्हणतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००७ साली पैजेने खाणाऱ्या एका माणसाचं जठर क्ष-किरणांखाली पाहिलं. दहा मिनिटांत त्याने ३६ हॉट डॉग खाल्ले, आणि त्याचं जठर नुसतं फुगत गेलं, सैल गोणीसारखं. त्याला भरल्याची जाणीवच होत नव्हती. तुलनेसाठी दुसरा धिप्पाड माणूस बसवला होता, तो सात खाऊन थांबला. हे पैजवाल्याने सरावाने कमावलेलं, आणि डॉक्टरांनी त्यात धोकाच पाहिला. पण त्यातून एवढं नक्की दिसतं की दोन माणसांची भरल्याची रेघ एका जागी नसते. ती स्वभावाची, वळणाची, संस्कारांची गोष्ट आहे असं म्हणून आपण एकाला सोशीक ठरवतो आणि दुसऱ्याला अधाशी. आणि गंमत अशी की, २०२५ साली आपल्या देशात वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं आली, ती जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात आणि मेंदूलाही भरल्याचा निरोप देतात. आमच्या खात्यातले एक साहेब ती घेतात. थोड्या घासांत पोट भरावं म्हणून ते महिन्याला जेवढे पैसे मोजतात, तेवढ्यात आमच्या घरचं महिन्याचं सामान येतं. असो.

हैदराबादेत तार्नाक्याला, उस्मानिया विद्यापीठाजवळ, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. बहिणीच्या नवऱ्याबरोबर स्कूटरवरून जाताना पाटी दिसली. १९१८ साली मॅकॅरिसन यांनी कुन्नूरला छोट्या प्रमाणावर सुरू केलेलं काम, १९५८ साली ते हैदराबादेला आलं. भारतीय माणसाने काय आणि किती खावं याची कोष्टकं तिथे तयार होतात. २०२४ साली त्यांनी आहाराची १७ सूत्रं प्रसिद्ध केली. या संस्थेचे डॉ. सी. गोपालन आणि आपले मराठी संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी साठ-सत्तरच्या दशकांत जगाला पटवायचा प्रयत्न केला की गरीब मुलांना प्रथिनांची वेगळी भुकटी नको आहे, त्यांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. मला त्यात एक अडचण दिसते ती पोटाच्या आकाराची. मूल लहान, जठर लहान, आणि समोर वाटीभर पाणीदार पेज. पोट भरतं, शक्ती मिळत नाही. यावर आपल्या बायकांनी उपाय केव्हाच काढून ठेवला होता, मोड आणलेल्या नाचण्यांचं सत्त्व. मोड आले की धान्यात असं द्रव्य तयार होतं जे पिठातला स्टार्च मोडतं, लापशी पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालता येतं. जे लहान मुलाला, तेच चार घासांत भरणाऱ्या म्हातारीला.

डॉक्टरांनी आईला सांगितलं ते याहून फार वेगळं नव्हतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान. तळलेलं, तुपकट कमी. जेवताना तांब्याभर पाणी नको, मधल्या वेळात प्या. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. एक गोळीही दिली. जठराच्या या सैलावण्यासाठी अकोटियामाइड नावाचं औषध जपानमध्ये २०१३ साली मान्य झालं, ते आता आपल्याकडेही मिळतं. पण गोळीवर फार भिस्त ठेवू नका, सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, असंही म्हणाले. निघताना मला म्हणाले, आणि तुम्ही समोर बसू नका. बसलात तर तुम्हीही जेवा.

घरी आल्यावर सहा लहान जेवणांचं वेळापत्रक मी करायला घेतलं (सवय!). आईनेच ते हातातून काढून घेतलं. म्हणाली, यात नवीन काय आहे, माझ्या लहानपणी असंच होतं. सकाळी चहा, दहाला पेज, दुपारी थोडं शीत, संध्याकाळी काहीतरी तोंडात टाकायला, रात्री परत थोडं. दहाची पेज आपण कचेऱ्यांच्या वेळेपायी घालवली. नोकरदाराला पेज नको, त्याला डबा हवा. तेव्हा आता आमच्या घरी दहाला पेज शिजते, बरोबर तोराची फोड. एक दिवसाआड पेजेऐवजी मोड आणलेल्या नाचण्यांचं तिजन, गूळ आणि नारळाचा रस घालून. वाटी छोटी, देवाला नैवेद्य दाखवतात त्याहून थोडी मोठी.

पाच महिने झाले. वजन सत्तेचाळीसच्या वर गेलं आहे, म्हणजे दोन किलो परत आले. पूर्ण बरी झाली असं म्हणवत नाही. काही दिवस अजूनही चौथ्या घासाला हात थांबतो. परवाच्या रविवारी मावशी आली होती. सुरमईचं हुमण झालं होतं, आईने तीन-चार घास चवीने खाल्ले आणि म्हणाली, "पुरो." मावशीने पळी उचलली, "अगो, इतकंच? माझ्यासाठी एक." बायकोने मावशीच्या हातातून पळी घेतली आणि ती मावशीच्याच पानात वाढली. मावशी थोडी रुसली. मग तिने तिसऱ्यांदा भात घेतला. आई तिथेच बसून राहिली, मावशीशी जुन्या म्हार्दोळच्या जत्रेचं काहीतरी बोलत. पाऊण तासाने तिने वाटी पुढे केली आणि म्हणाली, हुमणाचा रस उरला असेल तर थोडा दे गो.